संगणकाच्या तासाला गेम लावताना: आधी कौशल्य, मग खेळ

वर्गात गेम वापरायचे म्हटलं की बहुतेक शिक्षक पहिल्यांदा विचारतात, "कोणता गेम लावू?" मी पाचवी ते आठवीच्या मुलांना संगणक शिकवते. माझं सांगणं असं, की गेमचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एका ओळीत लिहून काढा, तास संपल्यावर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे. 'संगणकाची गोडी लागेल' असलं मोघम वाक्य नको. 'फाइलला नाव देऊन ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवता येईल आणि पुढच्या तासाला ती कुणाला न विचारता उघडता येईल' असं लिहा. एवढं लिहिलं की यादीतले निम्मे गेम आपोआप गळतात.

ओळ सुचत नसेल तर युरोपीय आयोगाची 'डिजकॉम्प' ही चौकट बघा. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा आली आणि पुढे सुधारत गेली. डिजिटल कौशल्यांचे त्यात पाच गट आहेत: माहिती शोधणं आणि पारखणं, संवाद आणि सहकार्य, स्वतः काही तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचणी सोडवणं. एका तासाला एका गटातली एकच गोष्ट घ्या. पाचही गट एका गेममध्ये कोंबायला गेलात तर मुलं नुसतीच खेळतील.

गेम थांबवता आला पाहिजे

गेम मुलांना गुंतवून ठेवतो, पण मी पाहिलंय ते असं की समज येते गेम थांबवल्यावर. खेळताना हात चालत असतात, पुढची चाल सुचत असते, त्या घाईत 'मी हे का केलं' हा प्रश्न कुणाला पडत नाही. तो आपण पाडायचा असतो. म्हणून गेम निवडताना माझी पहिली अट हीच, की तो कुठल्याही क्षणी थांबवता यावा आणि थांबवल्यामुळे मुलाचं नुकसान होऊ नये.

चाळीस मिनिटांचा तास असेल तर प्रत्यक्ष खेळ पंधरा-अठरा मिनिटांचाच ठेवा, तोही दोन तुकड्यांत. पहिला तुकडा संपायच्या दोन मिनिटं आधी मुलांना तसं सांगा. मग "माऊस सोडा, पेन घ्या". वहीत दोनच ओळी लिहायच्या: आत्ता काय झालं, आणि पुढे मी काय बदलणार, त्याने काय होईल असं मला वाटतं. दुसऱ्या तुकड्यात तो अंदाज तपासायचा. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. दोन-तीन आठवड्यांत सवय होते आणि काही जण न सांगताच वही उघडतात.

शेवटची दहा मिनिटं गेम बंद, आणि तेच कौशल्य गेमच्या बाहेर. हा भाग वेळ कमी पडला म्हणून कधीही कापू नका. गेममध्ये आलेली गोष्ट गेममध्येच अडकून पडते. ती बाहेर काढायचं काम शिक्षकाचं आहे.

स्क्रॅच: मुलांनीच गेम तयार करायचा

एकच साधन निवडा म्हणालात तर मी स्क्रॅच सांगेन. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, फुकट आहे, आणि इंटरनेट नसलं तरी चालणारी आवृत्तीही मिळते. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, की प्रोग्राम तयार. पडदा ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच, मधोमध शून्य. उणे आकडे वहीत नकोसे वाटणारं मूलही इथे स्क्रॅचमधल्या मांजराच्या चित्राला डावीकडे न्यायला बिनधास्त उणे लिहितं.

पहिला गेम अगदी साधा घ्या. मांजर बाणांच्या बटणांनी हलतं, सफरचंदाला लागलं की एक गुण. मुलं 'कायम करत राहा' या ठोकळ्यात 'सफरचंदाला लागलं तर गुण १ ने वाढव' असं बसवतात. प्रोग्राम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबतात, मांजर सफरचंदापाशी जातं आणि गुण एकाऐवजी सरळ वीस-पंचवीसवर. वर्गात आधी जल्लोष होतो. मग एखादी मुलगी हात वर करते, "बाई, मी तर एकदाच लागले होते."

हाच क्षण पकडा, आणि उत्तर सांगू नका. मांजर अगदी हळू नेऊन बघायला सांगा, मग झर्रकन नेऊन. झर्रकन नेलं तर गुण कमी वाढतात, हे मुलांच्याच लक्षात येतं. तिथून पुढे त्यांना कळतं की संगणक 'लागलं का?' हे एकदा विचारून थांबत नाही, सेकंदाला सुमारे तीस वेळा विचारतो, आणि दर वेळी उत्तर 'हो' येतं. मग उपायही तीच काढतात: कुणी लागल्याबरोबर सफरचंद लपवतं, कुणी ते दुसरीकडे पळवतं, कुणी एक सेकंद थांबण्याचा ठोकळा घालतं. तिन्ही फळ्यावर मांडा आणि विचारा, मांजर सफरचंदावरच उभं राहिलं तर कुठला उपाय फसेल? चूक शोधणं म्हणजे काय, हे मुलांना इतक्या स्वच्छ दाखवणारं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

याच गेमवर फाइलींचा धडा घ्या. ब्राउझरमधून काम साठवलं की सगळ्यांच्या फाइलचं नाव तेच येतं, 'स्क्रॅच प्रोजेक्ट'. दुसऱ्यांदा साठवलं की पुढे कंसात १, मग २. पुढच्या तासाला डाउनलोडचं फोल्डर उघडलं की सारख्या नावांची रांग, आणि आपला गेम कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. एरवी 'फाइलला नीट नाव द्या' हे कितीही वेळा सांगा, कानामागे जातं. इथे हरवलेली वस्तू मुलांची स्वतःची असते. नावात काय काय असावं, हे त्यांनाच ठरवू द्या. माझ्या मुलांनी आपलं नाव, गेमचं नाव आणि तारीख असा क्रम लावला. तारीख वर्षापासून लिहायची म्हणजे नावानुसार फाइली आपोआप ओळीने लागतात, एवढंच मी सुचवलं. मग शेवटच्या दहा मिनिटांत त्याच नियमाने दुसऱ्या एखाद्या विषयाची कागदपत्रं लावून घेतली.

दोन गट, एक पूल

मिळून काम करणं शिकवायला ठोकळ्यांच्या जगाचे गेम चांगले. माइनक्राफ्टची शाळांसाठीची आवृत्ती २०१६ पासून आहे, तिला परवाना लागतो. लुआंटी हा फुकट आणि मुक्त पर्याय. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. शिक्षकाच्या संगणकावर जग उघडायचं आणि बाकीचे संगणक शाळेच्या आतल्या नेटवर्कवरून त्यात येतात, बाहेरच्या इंटरनेटची गरज पडत नाही. फक्त त्यात खेळायचा गेम वेगळा उतरवून घ्यावा लागतो, तो आदल्या दिवशीच घ्या.

काम असं द्या: नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गटांनी पूल बांधत यायचं आणि मधोमध जोडायचा. बोलायचं नाही; जे ठरवायचं ते एका सामायिक कागदपत्रात लिहून. पहिल्या खेपेला पूल बहुधा जुळत नाही. एक गट लिहितो 'पाण्याच्या वर दोन ठोकळे', दुसरा पाण्याचा ठोकळाही मोजतो. मग निर्देशांक वापरायचे ठरतं, कारण प्रत्येक जागेला तीन आकडे असतात आणि त्यातला मधला उंचीचा. तरी एका ठोकळ्याचा फरक राहतोच. खेळाडू उभा असताना दिसणारा आकडा त्याच्या पायांच्या जागेचा असतो, पायाखालच्या ठोकळ्याचा नसतो, आणि दोन गटांनी दोन वेगळे आकडे लिहिलेले असतात. इथे गेम थांबवा आणि सामायिक कागदपत्र पडद्यावर लावा. कुठल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, ते मुलांना शोधू दे. अशी वाक्यं सुधारता येणं हे कुठल्याही ऑनलाइन कामात लागतं, आणि ते शिकवायला मला या पुलाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

एक काळजी घ्या. त्रिमितीय गेममध्ये काही मुलांना गरगरतं, मळमळतं. चालताना दृश्य हलण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा आणि अशा मुलांना आराखडा लिहिण्याचं काम द्या. लखलखणारे प्रकाश असलेले गेम लावण्याआधी कुणाला फिट्सचा त्रास आहे का, हे पालकांना विचारून घ्या.

शर्यतीतून स्प्रेडशीट

सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा मुक्त गेम आहे, जाहिराती नाहीत. त्यात घड्याळाविरुद्ध धावण्याचा प्रकार आहे तो घ्या. प्रत्येकाने तीन फेऱ्या मारायच्या आणि वेळ स्प्रेडशीटमध्ये भरायची.

भरतानाच गंमत सुरू होते. कुणी १:२५ लिहितं, कुणी १.२५, कुणी '८५ से.'. तिघांचं म्हणणं एकच, पण संगणकाला ते तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. १:२५ लिहिलं की तो एक तास पंचवीस मिनिटं धरतो. १.२५ मिनिटं म्हणजे ७५ सेकंद, ८५ नव्हेत. आणि '८५ से.' हा त्याच्या लेखी आकडाच नाही, नुसती अक्षरं. सरासरी काढली तर तो ती अक्षरं गुपचूप सोडून देतो आणि बाकीच्यांची सरासरी दाखवतो, चूक झाल्याचं काही कळवत नाही. मुलांना एक खूण दाखवून ठेवा: आपण काही बदललं नसेल तर आकडे चौकटीत उजवीकडे लागतात, अक्षरं डावीकडे. सगळ्या वेळा सेकंदांत भरायच्या असं वर्गाने ठरवलं की क्रम लावणं, सरासरी, आलेख हे सगळं एका तासात होतं. आलेख बघताना विचारा, तिसरी फेरी पहिलीपेक्षा कमी वेळेत झाली का आणि का. पुढच्या आठवड्यात हेच हवामानाच्या किंवा वाचलेल्या पानांच्या नोंदींवर करून घ्या.

सुरक्षितता

गेम उतरवणं हाच एक धडा होऊ शकतो. मुलांसमोर पडद्यावर तो उतरवा आणि प्रत्येक परवानगीपाशी थांबा: याला मायक्रोफोन कशाला हवा? जन्मतारीख कशाला? 'नाही' म्हटलं तर गेम चालतो का, ते करूनच बघा. वर्गासाठी खातं न मागणारे गेम निवडा. अनोळखी लोकांशी गप्पांची सोय बंद, खरेदी बंद. गेमवरचा 'पेगी' या युरोपीय वयोगट-मानांकनाचा आकडा (३, ७, १२, १६, १८) जरूर बघा, पण तो मजकूर कुठल्या वयाला योग्य हे सांगतो, गेम सोपा की अवघड हे नाही.

लहान वर्गांना पासवर्ड आणि ऑनलाइन वागणूक शिकवायला गूगलचा इंटरलँड ठीक आहे, ब्राउझरमध्येच चालतो. थोरल्या मुलांसाठी 'बॅड न्यूज' बघा. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या सहभागाने तो तयार झाला. खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरवणारा होतो आणि लोकांना भडकवण्याच्या युक्त्या आतून बघतो. हा गेम मधोमध सोडून देऊ नका. त्याच तासाला दोन-तीन खऱ्या मजकुरांत त्या युक्त्या शोधून घेतल्याच पाहिजेत, नाहीतर मुलांच्या हाती नुसत्या युक्त्याच उरतील.

संगणक कमी असतील तर

दोघांत एक संगणक हे मला सोयीचंच वाटतं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही. माऊसवाल्याने स्वतः ठरवायचं नाही, वहीवाल्याने माऊसला हात लावायचा नाही. दर पाच मिनिटांनी घड्याळ लावून अदलाबदल. हे काटेकोर पाळा. घरी भरपूर गेम खेळणारं मूल माऊस सोडत नाही आणि सोबतचं मूल, पुष्कळदा मुलगी, तासभर नुसतं बघत बसतं. हे मला फार टोचतं.

एकच संगणक आणि प्रोजेक्टर असेल तरी चालतं. १९७१ मध्ये अमेरिकेत इतिहासाच्या वर्गासाठी ओरेगॉन ट्रेल हा गेम तयार झाला तेव्हा तर पडदाही नव्हता, टेलिटाइपच्या कागदावर ओळी उमटत. एक मूल खेळतं, बाकीचे प्रत्येक चालीआधी अंदाज लिहितात आणि हात वर करून मत देतात.

तपासताना गेममधले गुण अजिबात धरू नका. ते सरावाचे असतात आणि घरी संगणक असलेल्या मुलांकडे झुकतात. मी मुलाला बोलावते आणि त्याने न पाहिलेलं छोटं काम देते: एक बिघडलेला स्क्रॅच प्रोग्राम, किंवा आकडे आणि अक्षरं मिसळलेला एखादा तक्ता. करून दाखव आणि करताना बोल, एवढंच सांगते. वही जवळ ठेवायची मुभा असते. दुरुस्ती पूर्ण झाली नाही, पण कुठे बघायचं आणि का हे त्याने सांगितलं, तर मी पूर्ण गुण देते. आणि योगायोगाने चाललं, पण का चाललं ते सांगता येत नसेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावते.