परदेशात इंग्रजी शिकवायचंय? वर्गात कमी बोला, गल्लीत जास्त

नोकरीचं पत्र हातात आलं की पगाराआधी तास वाचा. ‘आठवड्याला २५ तास’ म्हणजे शिकवण्याचे की शाळेत हजर राहण्याचे, हे विचारून करारात लिहून घ्या. २५ तास वर्गावर असाल तर तयारी, वह्या आणि मीटिंगा धरून आठवडा सहज ४० तासांवर जातो. मोठ्यांच्या क्लासमध्ये विद्यार्थी ऑफिसच्या आधी नाहीतर नंतर येतात, त्यामुळे तुमचा दिवस सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास असा फाटतो. घर लांब असेल तर मधला मोकळा वेळ प्रवासात जातो. चालत जाता येईल अशी खोली बघा, थोडी लहान असली तरी चालेल. सुट्टीतला पगार, नोटिशीची मुदत आणि घराचं डिपॉझिट कोण भरणार, हेही कागदावर हवं.

‘टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून घेऊ’ म्हणणारी शाळा सरळ सोडा. पकडले गेलात तर देशाबाहेर तुम्हाला काढतात, शाळा तिथेच राहते. काही दारं पासपोर्ट बघूनच बंद होतात: दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. डिग्रीचं प्रमाणपत्र, त्यावरचं अपोस्टील (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि पोलिसांचा दाखला हे कागद बऱ्याच ठिकाणी मागतात. दाखला शेवटी काढा, तो ठरावीक महिनेच चालतो. कोर्सचं म्हणाल तर १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, ही नेहमीची अट. त्यातही खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं करणारा कोर्स घ्या. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-कोर्समध्ये असं किमान ६ तास शिकवावं लागतं.

वर्गात नव्या शिक्षकाची पहिली चूक म्हणजे बडबड. ५० मिनिटांच्या तासाला साधारण अशी वाटणी धरा: ५ मिनिटं उजळणी, १० मिनिटं नवीन वाक्यरचना, १५ मिनिटं सगळ्यांकडून वदवून आणि लिहून घेणं, १५ मिनिटं जोडीजोडीनं बोलणं, उरलेली ५ चुका फळ्यावर घेण्यासाठी. जोड्या बोलत असताना मध्ये पडू नका. वहीत चुका टिपा आणि शेवटी नाव न घेता मांडा.

सूचना तीन-चार शब्दांत द्या. ‘ओपन युवर बुक्स. पेज फोर्टीन.’ आणि आकडा फळ्यावर लिहा, नाहीतर अर्धा वर्ग फोर्टीवर जातो. ‘डू यू अंडरस्टँड?’ विचारूच नका. कळलेलं असो वा नसो, उत्तर ‘येस’च येतं. त्याऐवजी ‘लिहायचं की बोलायचं? एकट्यानं की दोघांनी?’ असं इंग्रजीत विचारा, म्हणजे गोंधळ लगेच उघडा पडतो. प्रश्न टाकल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला एक सेकंद कसा पुरणार?

उच्चारांवर मात्र वेळ घालवा, कारण चुका कुठून येतात ते विद्यार्थ्यांच्या भाषेतच सापडतं. जपानीत अक्षर बहुतेक स्वरानं संपतं, म्हणून ‘डेस्क’चं ‘देसुकु’ होतं. स्पॅनिशभाषक ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतात. व्हिएतनामी विद्यार्थी शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळतात, त्यामुळे अनेकवचनाचा ‘स’ गायब होतो आणि तुम्हाला वाटतं व्याकरण कच्चं आहे. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्क’चं ‘बार्क’ होतं. त्यावर जुना उपाय: टिश्यूची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर दोन इंचांवर धरायची. इंग्रजी ‘प’ म्हटला की पट्टी उडते, ‘ब’ला जवळजवळ हलत नाही. पण मराठी तोंडानं हा प्रयोग फसतो! आपल्या ‘प’मध्ये हवेचा झोत नसतो, पट्टी ढिम्म. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ आपल्या ‘प’ आणि दोन्ही ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’च्या मधला असतो, तो आरशासमोर आधी घोटा. ‘व’चंही तेच: ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेस्ट’ला ओठ गोल आणि दात लांब. आणि प्रश्न असेल तेव्हा ‘आय हॅव अ डाउट’ म्हणायची सवय सोडा. इतरत्र त्याचा अर्थ ‘मला शंका येतेय, पटत नाही’ असा होतो.

शाळेबाहेर उलटं करा, भरपूर बोला. पहिल्या दोन आठवड्यांत शंभरपर्यंतचे आकडे, ‘हे केवढ्याला’, ‘पुन्हा सांगा, हळू’ आणि ‘मी शिकतोय’ किंवा ‘शिकतेय’ एवढं स्थानिक भाषेत पाठ हवं. घराचा पत्ता तिथल्या लिपीत एका कार्डावर लिहून घ्या आणि खिशात ठेवा. रोमन लिपीतला पत्ता अनेक टॅक्सीवाल्यांना वाचता येत नाही. एकच दुकान धरा, शक्यतो एकाच वेळी जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दुकानदार स्वतःहून चुका सुधारू लागतो, आणि तो फुकटचा शिक्षक आहे. कचरा कधी टाकायचा, चपला कुठे काढायच्या, रात्री किती वाजता आवाज बंद, हे घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा. शेजारी सहसा तोंडावर बोलत नाहीत, तक्रार थेट शाळेत पोचते.

‘आमच्या मुलाला जरा इंग्रजी शिकवा’ ही विनंती येणारच. पैसे घेऊ नका: अनेक देशांत कामाचा परवाना एकाच संस्थेपुरता असतो. अदलाबदल ठरवा, अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास त्यांची भाषा, घड्याळ टेबलावर. घड्याळ नसलं की तासभर इंग्रजीच चालतं.

सुरुवातीचं कौतुक ओसरल्यावर चिडचिड होते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६०च्या लेखात कल्चर शॉकचे, म्हणजे परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे मांडले, त्यात सुरुवातीच्या ‘मधुचंद्रा’नंतरचा टप्पा हाच. तेव्हा फक्त परदेशी सहकाऱ्यांत बसून देशाला नावं ठेवायची ओढ लागते. अशा गप्पांनी मन मोकळं होतं, भाषा मात्र थांबते. त्या आठवड्यात निदान दुकानाची फेरी चुकवू नका, आणि तिथे तुमचं जे वाक्य फसलं ते वर्गात सांगा. मास्तर चुकतात हे कळल्यावर मागच्या बाकावरची मुलंही तोंड उघडतात.