स्तरित यादृच्छिक नमुना: खातेदारांच्या यादीपासून भारित सरासरीपर्यंत

एका तालुक्यातील शेतकरी बियाणे, खते आणि औषधांवर वर्षाला सरासरी किती खर्च करतात हे शोधायचे आहे, तालुक्यात १२,००० खातेदार आहेत आणि संशोधकाकडे ४०० घरांपुरताच वेळ व पैसा आहे, असे समजू. (या लेखातील तालुका आणि त्याचे आकडे पद्धत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.) सर्व नावांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात टाकून ४०० उचलल्या, तर तो साधा यादृच्छिक नमुना झाला आणि त्यात तत्त्वतः काहीही चूक नाही. मात्र या तालुक्यात दहा हेक्टर किंवा त्याहून अधिक जमीन असलेले शेतकरी फक्त ६० असतील, तर त्यांच्यापैकी सरासरी दोनच जण नमुन्यात येतील, आणि एकही न येण्याची शक्यता साधारण आठात एक इतकी राहील. ज्यांचा खर्च सर्वांत जास्त त्यांचीच हजेरी नशिबावर सोडायची नसेल, तर समष्टीचे (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांच्या समूहाचे) आधी स्तर, म्हणजे गट, पाडावेत आणि प्रत्येक स्तरातून स्वतंत्रपणे चिठ्ठ्या उचलाव्यात. स्तरित यादृच्छिक नमुना म्हणतात तो हाच.

स्तर कशाच्या आधारे पाडायचे, हे संशोधनाच्या प्रश्नावरून ठरते. जात, लिंग, वय, गाव असे जे रकाने यादीत सहज सापडतात त्यांवरून स्तर पाडण्याचा मोह होतो. परंतु ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे आहे तिच्याशी त्या रकान्याचा संबंध नसेल, तर स्तर पाडूनही अंदाजाची अचूकता फारशी वाढत नाही. एका स्तरातील माणसे मोजायच्या गोष्टीबाबत एकमेकांसारखी आणि निरनिराळ्या स्तरांतील माणसे एकमेकांपासून शक्य तितकी वेगळी असावीत, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे. निविष्ठांवरील खर्चासाठी जमीनधारणा हा उत्तम आधार ठरतो, आणि त्यासाठी नवे वर्ग शोधण्याची गरज नाही. कृषी गणनेतील वर्गवारी तयारच आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेले सीमांत, एक ते दोन हेक्टरचे अल्प, दोन ते चारचे अर्ध-मध्यम, चार ते दहाचे मध्यम आणि त्यापुढचे मोठे शेतकरी. बागायत आणि जिरायत असा दुसरा भेदही घेता येतो, पण दोन भेद गुणले की स्तर दहा होतात आणि ४०० नावे त्यांत फार विरळ वाटली जातात. पहिल्याच अभ्यासात चार-पाच स्तरांपलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे.

खरे कष्ट यादीचे आहेत. प्रत्येक व्यक्ती नेमक्या एकाच स्तरात असली पाहिजे, आणि ती कोणत्या स्तरात आहे हे निवडीपूर्वीच माहीत असले पाहिजे. खातेनिहाय जमीन आठ-अच्या उताऱ्यावर मिळते खरी, परंतु तो उतारा गावापुरता असतो, त्यामुळे तीन गावांत तुकडे असलेला शेतकरी तीन वेळा आणि तिन्ही वेळा सीमांत म्हणून यादीत येऊ शकतो. सामाईक खात्यावर चार भावांची नावे असतात आणि चूल मात्र कधी एक, कधी चार. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आणि कसणारा नातू, हे तर गावोगाव दिसते. म्हणून आपले एकक खातेदार आहे, कुटुंब आहे की प्रत्यक्ष कसणारा आहे, हे आधी लिहून ठरवावे, दुबार नावे काढावीत आणि मगच स्तरांची मोजदाद करावी. या कामाला आठवडा लागला तरी तो वाया गेला असे समजू नये.

समजा, अशा साफ केलेल्या यादीत सीमांत ६,०००, अल्प ३,६००, अर्ध-मध्यम १,८००, मध्यम ५४० आणि मोठे ६० निघाले. शेवटचे दोन वर्ग एकत्र करून ६०० चा एक स्तर करावा, कारण दोन-तीन माणसांच्या स्तरावरून त्या स्तरातील चढउताराचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. आता ४०० चे वाटप करायचे. सर्वांत सरळ रीत प्रमाणशीर वाटपाची आहे: प्रत्येक स्तरातून तिसावा हिस्सा, म्हणजे अनुक्रमे २००, १२०, ६० आणि २०.

दुसरी रीत संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांच्या १९३४ सालच्या निबंधामुळे प्रसिद्ध झाली. स्तर जितका मोठा आणि त्यातील चढउतार जितका अधिक, तितकी अधिक नावे त्याला द्यावीत, हे तिचे सूत्र आहे. खर्चाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) चार स्तरांत अनुक्रमे १०, २०, ४० आणि १०० हजार रुपये आहे असे धरले, तर प्रत्येक स्तराची संख्या त्याच्या विचलनाने गुणून त्या गुणाकारांच्या प्रमाणात ४०० वाटावेत. उत्तर ९१, १०९, १०९ आणि ९१ असे येते. हे विचलन आधी कुठून कळणार, हा प्रश्न रास्त आहे. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी लंडनमध्ये नेमन यांच्याकडे संशोधन करत असताना १९३५ मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला, आणि छोट्या प्राथमिक पाहणीतून काढलेले अंदाजी विचलन वापरूनही या वाटपाचा बराचसा लाभ पदरात पडतो, असे दाखवले. प्रत्येक स्तरातील पंधरा-वीस घरांची पूर्वपाहणी त्यासाठी करता येते.

लाभ किती, ते याच आकड्यांवर पाहू. स्तरांचे सरासरी खर्च २०, ४०, ८० आणि २०० हजार धरले, आणि मर्यादित समष्टीची दुरुस्ती (नमुना समष्टीचा मोठा हिस्सा असेल तर त्रुटीत करायची घट) बाजूला ठेवली, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात सरासरीची प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक अंदाज किती हलू शकतो त्याचे माप) सुमारे २,५६० रुपये येते, प्रमाणशीर वाटपात १,५१० आणि नेमन वाटपात १,१००. ही शेवटची अचूकता साध्या चिठ्ठ्यांनी गाठायची तर ४०० च्या जागी सुमारे २,१६० घरे फिरावी लागतील. परंतु प्रश्नावलीत मुख्य भर ‘पीक विमा उतरवला का’ अशा होय-नाही प्रश्नांवर असेल, तर स्तरांतील चढउतारात एवढा फरक नसतो, आणि तेव्हा प्रमाणशीर वाटपच सोयीचे.

निवडीसाठी संगणकातील तक्त्यात प्रत्येक स्तराची वेगळी यादी करावी, नावासमोर यादृच्छिक अंक निर्माण करावा, ते अंक लगेच स्थिर मूल्ये म्हणून चिकटवावेत (नाहीतर तक्ता हलला की अंक बदलतात), त्यांनुसार यादी चढत्या क्रमाने लावावी आणि वरून हवी तेवढी नावे घ्यावीत. इथेच अनेक प्रबंध घसरतात. पद्धतीच्या प्रकरणात ‘स्तरित यादृच्छिक’ असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात चावडीवर जे भेटले त्यांतून ‘वीस मोठे, दोनशे सीमांत’ असा कोटा भरलेला असतो. तो कोटा नमुना होय. त्यावर प्रमाण त्रुटीची सूत्रे लावता येत नाहीत. निवडलेला शेतकरी घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून मोकळे होऊ नये. किमान तीन खेपा घालाव्यात आणि तरीही भेट न झाल्यास तशी नोंद करावी.

माहिती हाती आल्यावर सर्वांत महागात पडणारी चूक भार विसरण्याची आहे. नेमन वाटपातील ४०० उत्तरांची सरळ सरासरी काढली तर वरच्या आकड्यांत ती ८२,७५० रुपये येते, आणि तालुक्याची खरी सरासरी मात्र ४४,००० आहे. मोठ्या शेतकऱ्यांना आपणच मुद्दाम जास्त जागा दिली होती, म्हणून हा जवळजवळ दुपटीचा फरक पडला. नमुन्यातील एक सीमांत शेतकरी सुमारे ६६ जणांच्या वतीने बोलतो आणि वरच्या स्तरातील एक शेतकरी फक्त साडेसहा जणांच्या. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत स्तराची एकूण संख्या भागिले त्या स्तरातून निवडलेली संख्या हा भार लिहून ठेवावा आणि भारित सरासरी काढावी, म्हणजे प्रत्येक उत्तर त्याच्या भाराने गुणून येणाऱ्या बेरजेला भारांच्या बेरजेने भागावे. प्रमाणशीर वाटपात हा भार सर्वांना सारखाच, म्हणजे ३० येतो. त्यामुळे तेथे सरळ सरासरी चालते, अर्थात सर्व स्तरांतून प्रतिसादाचे प्रमाण सारखे असेल तरच.

शेतावर गेल्यावर यादीतला सीमांत शेतकरी प्रत्यक्षात तीन हेक्टर कसताना आढळला, तर काय करावे? त्याला अर्ध-मध्यमांच्या नव्या भाराने मोजू नये. त्याची निवड सीमांतांच्या भांड्यातून, त्या भांड्याच्या शक्यतेने झालेली आहे, म्हणून भार तोच राहील. वर्गनिहाय तक्ता करताना मात्र त्याला त्याच्या खऱ्या वर्गात दाखवावे. अशी किती नावे आढळली, हे पद्धतीच्या प्रकरणात स्तरांच्या संख्या, वाटपाची रीत, यादीचा महिना-वर्ष आणि प्रत्येक स्तरातील न भेटलेल्यांच्या आकड्यासोबत नोंदवावे.