पहिली नोकरी निवडताना पगाराच्या पलीकडे काय बघावं?

जमलं तर इंटरव्ह्यूची वेळ संध्याकाळची मागून घ्या. सहा-साडेसहाला लोक बॅग उचलून सरळ निघतात, की साहेबांच्या केबिनकडे बघत ताटकळतात, एवढं दिसलं तरी त्या ऑफिसची निम्मी कुंडली कळते.

मी आधी लोअर परळला होते, आता ऐरोलीला. काम दोन्हीकडे तेच, विम्याचे क्लेम तपासायचे. परळला हातातलं काम संपलं तरी साहेब उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. टिटवाळा-बदलापूरची मंडळी दहाच्या पुढे घरी पोचायची आणि पहाटे पुन्हा गाडीसाठी धावायची. अशा माणसाची नजर दुपारी चारला कागदावर काय ठरणार? त्यात चूक सापडली की सगळ्यांसमोर झापणं. मग चूक कोण सांगतंय! ती ऑडिटमध्ये निघायची आणि अख्ख्या टीमचा शनिवार जायचा. कामाचे तास भरपूर, पण त्यातले बरेचसे निस्तरण्यात.

ऐरोलीला टार्गेट उलट जास्त आहे. पण सकाळी पंधरा मिनिटं बसून काल कुठे अडलं ते बोलतो, आणि टीम लीड स्वतःपासून सुरुवात करते. शंका आली की लोक लगेच विचारतात, त्यामुळे फाइल परत येण्याचं प्रमाण खूप कमी. पावसाने गाड्या कोलमडणार असं दिसलं की 'घरूनच काम करा' हा मेसेज सातच्या आत येतो. कुर्ल्याला अडकून अर्धा दिवस घालवण्यापेक्षा कंपनीलाही ते परवडतं.

कॅरम आणि बीनबॅगला भुलू नका. ऑफर लेटरमध्ये पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बघा: साधारणपणे बेसिक म्हणजे मूळ पगार आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, यांच्या 12 टक्के आपले, तेवढेच कंपनीचे. बऱ्याच ठिकाणी कंपनीचा वाटाही सीटीसीतच, म्हणजे कंपनी आपल्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यातच धरलेला असतो, म्हणून हातात नेमके किती येणार ते विचारा. यूएएन (पीएफ खात्यांचा कायमचा नंबर) मिळाल्यावर पीएफच्या पासबुकात भरणा दिसतोय ना, ते अधूनमधून तपासा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचं विचारा.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013च्या कायद्याने बंधनकारक आहे. 'आहे, आहे' एवढ्यावर थांबू नका, सदस्यांची नावं कुठे लावलीत ते विचारा. नाइट शिफ्ट असेल तर गाडी दारापर्यंत सोडते की स्टेशनपर्यंत, हेही लेखी घ्या.

एचआरकडून कळणार नाही ते खालच्या चहाच्या टपरीवर कळतं. गळ्यात त्या कंपनीचं कार्ड असलेला कुणी दिसला की आजारपणाची रजा टाकली तर फोन येतात का, एवढंच विचारा.