किनाऱ्यावरून लांब चालायचंय? मग आधी ओहोटी बघा

पाणी भरपूर घ्या, टोपी घाला, क्रीम लावा, सोबत कुणीतरी असू द्या. गोव्याच्या किनाऱ्यावरून पायी फिरण्याबद्दल काहीही वाचायला घ्या, निम्मा मजकूर हाच असतो. पाण्याची बाटली घ्यायला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. माणूस अडकतो तो समुद्राच्या पाण्यामुळे, आणि त्याबद्दल मात्र "भरती-ओहोटीची वेळ तपासा" एवढं एक वाक्य टाकून लिहिणारा पुढे निघून जातो. तपासायचं म्हणजे काय, आणि तपासून त्या आकड्याचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, हा बेत करूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर ऊन सोसत असेल तर बघा.

वाट कुठली घ्यायची

पहिल्यांदाच जात असाल तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचा किनारा घ्या. वेळसांवपासून मोबोरपर्यंत जवळजवळ पंचवीस किलोमीटर सलग वाळू आहे, मध्ये कडा नाही की मोठी खाडी नाही. सगळी चालायची गरज नाही. कोलवा, बाणावली, वार्का एवढी केलीत तरी सकाळ कारणी लागते. मला विचाराल तर ही वाट कंटाळवाणी आहे, पण चुकायला जागाच नाही.

खरी मजा उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्यात. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हे आठेक किलोमीटर, वाटेत एक खाडी आणि थोडे कातळ. दक्षिण टोकाच्या काणकोणात पाळोळ्याहून कोळंबवरून पाटणे आणि राजबाग ही वाट छोटी, पण दोन किनाऱ्यांच्या मध्ये समुद्रात घुसलेली खडकाळ नाकं आहेत. ती ओलांडताना पाय जपून टाकावे लागतात.

नकाशा घेऊन बसलात की आधी नद्यांवर फुली मारा. तेरेखोल, शापोरा, साळ, तळपण, गालजीबाग यांच्या मुखाशी पाणी कितीही शांत दिसलं तरी चालत ओलांडायचं नाही. मोबोरच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडचं बेतूल हाकेच्या अंतरावर वाटतं, आणि घात तिथेच होतो. नदी पुलावरून किंवा फेरीबोटीनेच. केरी–तेरेखोल फेरीची एक गंमत आहे: नदीत पाणी फार उतरलं की बोट टेकते म्हणून ती बंद ठेवतात. म्हणजे वाळूवर चालायला जी वेळ सर्वांत चांगली, नेमकी तेव्हाच फेरी मिळेल याची खात्री नाही. धक्क्यावर विचारून मगच बेत पक्का करा.

दिवस कसा निवडायचा

बहुतेक लोक आधी रविवार ठरवतात आणि मग त्या रविवारी ओहोटी कधी आहे ते बघतात. उलटं करा. आधी ओहोटी, मग दिवस. हे गणित माझ्या डोक्यात बसायला बराच काळ गेला, कारण कुणी ते मला सलग सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणून रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. उधाणाला आपल्याकडे चढ-उताराचा फरक दोन मीटरच्या आसपास जातो.

कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्यापासून सहा तासांवर. अंदाजाला हे झकास आहे आणि फोनची बॅटरी संपली तरी चालतं, पण तासभर इकडेतिकडे होतं. कुठला आठवडा निवडायचा ते पाऊणपटीने ठरवा. खाडीत पाय घालायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराचे आकडे असतात, आणि गोव्यासाठी तेच धरायचे. फोनवरचं ॲप वापरत असाल तर ते मुरगावचे आकडे देतंय की भलत्याच बंदराचे, हे आधी बघा.

आता या गणितात एक खोच आहे. अनेकांना वाटतं, पाणी सर्वांत खाली पौर्णिमेला जातं ना, मग पौर्णिमेलाच जाऊ. जा, पण त्या दिवशी ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी पाचच्या आसपास येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. म्हणजे संध्याकाळच्या ओहोटीला खाडी ओलांडलीत की पुढचा टप्पा चढत्या पाण्यात आणि अंधारात. पहाटेच्या ओहोटीला गेलात तर सुरुवातच अंधारात.

म्हणून माझा ठाम सल्ला: पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून तीन-चार दिवस झाले की निघा. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, उजेड असतो आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुटायचा असतो. शनिवार-रविवार जुळला नाही तर रजा टाका. भांगाच्या दिवशी खाडी दिवसभर भरलेलीच असते. तेव्हा गेलात तर कमरेएवढ्या पाण्यासमोर उभं राहून परत फिराल.

तक्त्यात वेळेच्या शेजारी उंचीचा रकाना असतो, तोही वाचा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीला पाणी चांगलं खाली जातं, दुसरीला अर्ध्यातच थांबतं. नुसती वेळ बघणाऱ्याला हे कळत नाही. आणि तो आकडा म्हणजे खाडीची खोली नव्हे. तो एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो, त्यामुळे एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करायला वापरा.

पाणी सहा तास एकाच चालीने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. एकूण चढीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. उधाणाला ते मीटरभर होतं. "आत्ता तर घोट्याएवढंच होतं" असं म्हणणारी माणसं याच दोन तासांत सापडतात. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटावर ओहोटीला चालत जाणारे पर्यटक असेच फोटो काढत बसतात आणि मग होडीवाल्याला हाका मारतात.

खाडीपाशी

नियम एकच: ओहोटीच्या तासभर आधी खाडीवर हजर. बरोबर ओहोटीच्या वेळी नाही आणि नंतर तर मुळीच नाही. आधी पोचलात तर पाणी अजून उतरतंय, उशीर झाला तरी हातात वेळ आहे. या वेळेपासून मागे मोजत या. समजा चतुर्थी आहे आणि ओहोटी साडेआठला. साडेसातला आश्व्याजवळच्या खाडीशी असायचं. हरमलहून ओल्या वाळूवरून तिथवर तासभर लागतो, म्हणजे साडेसहाला निघायचं. चहा त्याच्या आधी.

खाडी कुठे ओलांडायची? नवखा माणूस हमखास सर्वांत अरुंद जागा निवडतो. पात्र अरुंद तिथे पाणी खोल आणि ओढ जास्त. जिथे पात्र पसरलंय, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या दिसताहेत आणि खालची वाळू नजरेला पडतेय, तिथून जा. अगदी समुद्राच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात, तिथून नको. पाऊणशे पावलं आत या. गेल्या वर्षीची वाट यंदा धरू नका, दर पावसाळ्यात वाळूचे बांध जागा बदलतात. आणि समुद्राची ओहोटी संपली तरी खाडीतलं पाणी काही वेळ बाहेर वाहतच असतं, तेव्हा घड्याळापेक्षा पाण्याकडे बघा.

चपला पायातच ठेवा, मागे पट्टा असलेल्या. तळाशी कालवांच्या शिंपल्यांची धार असते आणि ती तळवा सरळ चिरते. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर पिशवी चटकन टाकता आली पाहिजे. पाणी गुडघ्याच्या वर गेलं आणि ओढ जाणवली की मागे फिरा. यावर चर्चा नाही. पेडण्यात आत गेलं की रस्ता आहे, तिथून वळसा घालून पलीकडे येता येतं.

परतीला तोच किनारा धरू नका, तोवर पाणी चढलेलं असतं. मोरजीला संपवा आणि बस धरा.

लाटा आणि कातळ

आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही. दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर येऊन आपल्या किनाऱ्यावर उठतात. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते. आदल्या रात्री तो बघा, आणि इशारा असेल तर कातळाची वाट रद्द करा. ओला, काळा, शेवाळलेला खडक दिसला की त्यावर पाय नाही. जांभ्याचे कडे खालून पोखरलेले असतात, तेव्हा त्यांच्या सावलीत डबा उघडून बसू नका आणि वरच्या काठावर फोटोसाठी उभे राहू नका.

पोहायचं असेल तर जीवरक्षक असतील तिथे, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. अडचण आली तर 112.

गावाच्या दारातून जाताना

किनारा सगळ्यांचा, पण किनाऱ्यावर जाणारी पायवाट बहुतेक कुणाच्या तरी भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, किंवा परसातून जाते. माणूस दिसला की कोकणीत विचारा, "हांगांतल्यान वचूं?" म्हणजे इथून जाऊ का? नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. फाटक जसं होतं तसं लावा. खाली पडलेला नारळ हा भाटकाराचा, म्हणजे बागेच्या मालकाचा नारळ असतो.

सकाळच्या चालण्यात रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, भेटण्याची शक्यता बरीच. दोन टोकांना माणसं ओळीने दोर ओढत असतात, पाण्यात जाळ्याचा अर्धगोल जवळ येत असतो. दोर ओलांडू नका. ओढणाऱ्यांच्या मागून, जमिनीच्या बाजूने जा. ताणलेला दोर अचानक सुटला तर पाय जातो, आणि त्यांच्या कामाची लयही मोडते. कॅमेरा काढण्याआधी विचारा. कुणी "हात लाय" म्हणालं तर जरूर लावा. वाळत घातलेली जाळी तुडवायची नाहीत, सुक्या मासळीवर सावली धरून उभं राहायचं नाही, होडीवर बसायचं नाही.

चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवर. एक तर पाय दुखत नाहीत, शिवाय वरच्या कोरड्या पट्ट्यात मर्यादवेल असते. तिच्या मुळांनी वाळूच्या टेकड्या धरून ठेवलेल्या असतात, म्हणून तिथून मधूनच शॉर्टकट काढू नका. मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेली जागा दिसली की लांबून जा. पहाटे वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद माग दिसला तर त्याच्या मागे वर चढू नका, जवळच्या वनरक्षकाला सांगा. रात्री विजेरी मारत तिथे हिंडणं तर सोडाच, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. मोरजीच्या टोकाला पक्ष्यांचा थवा बसलेला असेल तर वळसा घाला. लांबून आलेले असतात ते, त्यांना उडवून रील करण्यात काही पुरुषार्थ नाही.

कचरा परत आणायचा हे सांगायला नको.

उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत, विशेषतः मे महिन्यात, वाळूत डांबराचे काळे गोळे येतात आणि तळव्याला घट्ट चिकटतात. साबणाने ते निघत नाहीत. खोबरेल तेल चोळा, फडक्याने पुसा आणि मग बसमध्ये चढा, नाहीतर कंडक्टर जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल.