हस्ताच्या पावसात नदीकाठचं शिवार सांभाळताना

उत्तरेकडच्या नद्यांना बर्फ वितळल्याचं पाणी येतं. आपली गोदावरी निव्वळ पावसावर वाहते. त्यामुळे गंगाकाठाला, म्हणजे आपल्या गोदाकाठाला, जास्त घोर उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसाचा. तोवर नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, बहुतेक भरलेला असतो. नाशिक-नगरकडे जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. आपल्या गावात ऊन पडलेलं असलं तरी पूर येतो, हे आधी मनाशी पक्कं धरा.

रोज सकाळ-संध्याकाळ जायकवाडीचा विसर्ग किती क्युसेक आहे, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं जातंय, ते बघा. सिंदफणाकाठच्यांनी माजलगावचा, पूर्णाकाठच्यांनी येलदरी-सिद्धेश्वरचा, मांजराकाठच्यांनी धनेगावचा आकडा बघावा. पैठणहून सुटलेलं पाणी गेवराई, पाथरी, गंगाखेड करत नांदेडला यायला वेळ लागतो. मोटार, स्टार्टर, पाइप काढून उंचावर न्यायला तेवढाच वेळ हाती असतो. जनावरंही तेव्हाच हलवा, आणि पाणी रात्री-अपरात्री अचानक चढलंच तर निदान दावं सोडून द्या. दाव्याला बांधलेलं जनावर जागेवर बुडतं.

एक गोष्ट फार जण विसरतात. गोदावरी तुडुंब असली की ओढ्या-नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि नदीपासून लांबची रानंही बुडतात. म्हणून सोयाबीनची गंजी ओढ्याकाठच्या सखल रानात लावूच नका. काढणी झाली असेल तर माल उंचवट्यावर, खाली-वर ताडपत्री टाकून ठेवा. भिजलेलं सोयाबीन पातळ पसरून वाळवा, त्यातलं बियाण्याला मात्र ठेवू नका.

पाणी ओसरलं की पहिलं काम चर काढण्याचं. काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. कपाशीची झाडं एकाएकी मलूल झाली तर आकस्मिक मर समजा आणि दिवस घालवू नका. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून दर झाडाला 100 मिली आळवणी करा, म्हणजे बुंध्याशी ओता, बुंध्याजवळची माती पायानं दाबून घ्या. हे एक-दोन दिवसांतच झालं पाहिजे. झाड वाळल्यावर आळवणीचा उपयोग नाही. तुरीतही पाणी साचू देऊ नका, ती चिबड रान अजिबात सोसत नाही.

वापसा येईपर्यंत, म्हणजे रान मशागतीजोगं सुकेपर्यंत, ट्रॅक्टर रानात घालू नका. हरभऱ्याला अजून अवधी आहे. घाईनं ओल्यात पेरलेला हरभरा मरीनं जातो. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळूनच पेरा.

बुडालेल्या विहिरीचं पाणी उपसून, ब्लिचिंग पावडर टाकल्याशिवाय पिऊ नका. ओली मोटार वाळवून, तपासून मगच चालू करा. गाळ-काडीकचरा उचलताना आधी काठीनं चाळवा, पुरात साप त्यातच आसरा घेतात.

2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा आणि गोदाकाठी कितीतरी रानांची माती खरडून गेली. असं झालं तर लगेच जेसीबी लावून सपाटीकरण करू नका. आधी पिकाचे, बांधाचे, उघड्या पडलेल्या मुरमाचे फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा, पंचनामा होऊ द्या. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, राहिली असेल तर मुदत असेतो आजच नोंद करून टाका.