डेंग्यूचे सिक्वेन्स उतरवायला बसण्याआधी

सिक्वेन्स म्हणजे विषाणूच्या जनुकीय अक्षरांची क्रमवार नोंद. सार्वजनिक साठ्यांतून ते उतरवून (डाउनलोड करून) घेण्याआधी वहीत एक ओळ लिहा: कुठला प्रकार, कुठला प्रदेश, कुठली वर्षं. डेंग्यूचे प्रकार चार, आणि शोधखिडकीत नुसतं ‘डेंग्यू’ टाकलं की चारही एकदम अंगावर येतात. पूर्ण जीनोम (विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर) हवा की नुसतं त्याच्या बाह्य आवरणाचं ई जनुक, हेही ठरलेलं असू द्या. पूर्ण म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरं, ई जेमतेम दीड हजार. लांबीची चाळणी फार बारीक लावली तर नुसतं ई वाचलेले जुने नमुने सगळेच गळतील.

शोध अमेरिकेच्या जेनबँक या सार्वजनिक साठ्यात घेतला की युरोपच्या ईएनएत आणि जपानच्या डीडीबीजेत पुन्हा नको. तिघांची देवाणघेवाण चालूच असते. हाती दुबार नोंदी तेवढ्या येतील. जीसेड (GISAID) या विषाणूंच्या सिक्वेन्सच्या साठ्याचं मात्र खातं लागतं, तिथले सिक्वेन्स परस्पर वाटता येत नाहीत आणि नमुने देणाऱ्या प्रयोगशाळांचा ऋणनिर्देश करावा लागतो. अर्ज आधीच टाकून ठेवा.

तुलनेसाठी संदर्भ सिक्वेन्स बाजूला काढा. प्रकार २ चा नोंदक्रमांक एनसी_००१४७४.२, लांबी १०,७२३. टिंबापुढचा २ गाळू नका, ती आवृत्ती आहे. फाइलीत आरएनएचं यू हे अक्षर कुठेच नसेल, त्याच्या जागी डीएनएचं टी दिसेल; विषाणू आरएनएचा असला तरी नोंद डीएनएच्या अक्षरांत करायची रीत आहे. ओळीने एन-एन-एन दिसले तर तिथलं अक्षर नक्की झालेलं नाही. किती एन चालवून घ्यायचे, तो आकडा आजच लिहा. सिक्वेन्सवरून काढलेला वंशवृक्ष पाहिल्यावर ठरवलात तर हात सैल सुटतो.

खरा वेळ तारखांना द्या. नोंदीच्या पहिल्या ओळीत उजवीकडे असते ती नमुन्याची तारीख नव्हे, नोंदीत शेवटचा बदल झाल्याची. नमुना कधी घेतला ते खाली ‘कलेक्शन डेट’पुढे असतं, आणि कित्येकदा नसतंच. मी पहिल्या खेपेला वरचीच तारीख उचलली होती. ‘न्यू गिनी सी’ हा १९४४ चा वाण प्रयोगशाळांतून अजून वाढवला जातो; माझ्या तक्त्यात तो चक्क या शतकातला होऊन बसला आणि उत्क्रांतीच्या वेगाचं गणित पार भरकटलं. दोन दिवस मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. तेव्हा क्लोन (प्रयोगशाळेत बनवलेल्या विषाणूच्या प्रती), लसीचे वाण, पेशींत वारंवार वाढवलेले वाण वेगळ्या फोल्डरात टाका.

शेवटी नोंदक्रमांकांची साधी टेक्स्ट फाइल करा आणि तिच्या नावातच उतरवल्याची तारीख घाला.