मानवी हक्क तज्ज्ञांना पत्र पाठवताय? या चुका टाळा

तुर्भ्याला डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे. दर रविवारी मी ठाण्याहून तिथे अर्ज लिहून द्यायला जातो. ऐन पावसाळ्यात तिथली काही घरं पाडली गेली, तेव्हा बायकांनी ठरवलं की संयुक्त राष्ट्रांच्या घरहक्कावरच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे या विषयाची पाहणी करून अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांना कळवायचं. त्या पत्रात आमच्या हातून ज्या चुका झाल्या किंवा होता होता राहिल्या, त्या इथे लिहितो.

पहिली चूक, त्यांना न्यायाधीश समजण्याची. वर्तमानपत्रं ‘विशेष दूत’ लिहितात, त्याने घोळ आणखी वाढतो. हे कुणाचेही दूत नव्हेत. जिनिव्हातली ४७ सदस्य देशांची मानवी हक्क परिषद त्यांना नेमते. ते संयुक्त राष्ट्रांचे नोकर नसतात, या कामाचा पगार घेत नाहीत आणि एका पदावर जास्तीत जास्त सहा वर्षंच राहतात. पाडकाम थांबवण्याचा हुकूम त्यांना देता येत नाही. स्थगिती हवी असेल तर आधी न्यायालयात जा.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते: आपल्याला अडचणीचा वाटणारा कागद लपवणं. एका ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, वीजबिलं, मुलांचे शाळेचे दाखले काढून माझ्यासमोर मांडले. पिशवीच्या तळाशी घडी घातलेला आणखी एक कागद होता. तो त्या पुढे करेनात.

‘ही नोटीस आहे. दाखवली तर आपली बाजू लंगडी पडेल ना, सर?’

नोटीस ओली होऊन शाई पसरली होती, पण तारीख वाचता येत होती. पाडकामाच्या फक्त दोन दिवस आधीची. मिलून कोठारी या पदावर असताना विस्थापनाबद्दलची जी मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये परिषदेपुढे आली, त्यांत खराब हवामानात आणि रात्री घरं पाडू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यातली तारीख असलेला तो लपवलेला कागदच आमचा सर्वांत भक्कम पुरावा होता. आणि तो उलट बाजूचा असता, तरी जोडायलाच हवा होता. कारण तज्ज्ञ आपलं पत्र वाचून थेट निकाल देत नाहीत. दखल घेतली तर ते सरकारला पत्र पाठवतात, उत्तराला साधारण ६० दिवस देतात आणि मग दोन्ही प्रसिद्ध होतात. लपवलेली नोटीस सरकारच्या उत्तरातून बाहेर आली असती, तर ताईंच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

शिव्याशाप आणि राजकीय टोमणे यांचंही तसंच. परिषदेने १८ जून २००७ ला ठराव ५/२ ने तज्ज्ञांना आचारसंहिता घालून दिली. तिच्यानुसार अर्वाच्य भाषेतली, उघड राजकीय हेतूची किंवा नुसत्या बातम्यांवर उभी असलेली तक्रार त्यांना घेताच येत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात पाच कात्रणं होती, तारीखवार हकिकत मात्र नव्हती.

आता निःपक्षपातीपणाबद्दल. सरकार आणि तक्रारदार, दोघांनाही सारखाच दोष देणं म्हणजे निःपक्षपात नव्हे. २०१७ मध्ये पाणी व स्वच्छतेचे प्रतिवेदक लिओ हेलर भारतात आले, स्वच्छ भारत मोहिमेवर बोलले आणि सरकारने तीव्र आक्षेप घेतला. सरकार चिडलं म्हणून तज्ज्ञ पक्षपाती ठरत नाही, तसंच तो आपल्या बाजूने बोलला म्हणून निःपक्षपातीही ठरत नाही. त्याने दोन्हीकडची माहिती घेतली का? सरकारचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं का? आचारसंहिता हेच मागते, आपणही तेच तपासावं.

त्यांना विचारणारं कुणी नाही, हाही गैरसमजच. दरवर्षी त्यांना परिषदेसमोर अहवाल ठेवून देशांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. आचारसंहिता मोडल्याची तक्रार तज्ज्ञांच्याच समन्वय समितीकडे करता येते. आपल्याच सहकाऱ्यांनी चौकशी करावी ही व्यवस्था मला अपुरी वाटते. पण म्हणून प्रत्येक देशाला त्यांच्यावर खटले भरू द्यावेत, हे मला मान्य नाही. मलेशियात न्यायाधीश व वकिलांच्या स्वातंत्र्यावरचे प्रतिवेदक दत्तो परम कुमारस्वामी यांच्यावर एका मुलाखतीतल्या शब्दांबद्दल दावे झाले. पदाच्या कामात बोललेल्या त्या शब्दांना संरक्षण आहे, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं.

शेवटची चूक नावांची. माहिती पाठवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, पण पीडिताचं नाव सहसा सरकारला कळवलं जातं आणि पुढे छापलंही जातं. म्हणून प्रत्येकाला बसवून, समजावून विचारा. आम्ही विचारलं तेव्हा ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, ‘माझं नको, पोराची नोकरी आहे.’ यादीतून त्यांचं नाव काढलं आणि पान पुन्हा लिहिलं.